उंबऱ्यावर थांबणारी आजी

आमची घरमालकीण आजी कुणाच्याही घरात एकदम शिरत नसे. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकायची, लुगडं पोटरीपर्यंत वर धरायची आणि तिथंच थांबून स्वतःच्या पायांकडे बघत राहायची. माणसं दुसऱ्याच्या घरी गेली की भांडी बघतात, भिंतीवरचे फोटो बघतात, सून कामाला कशी आहे ते बघतात. ही बाई आपल्या घोट्यांवरून नजर काढत नसे. घरातले लोक समोर ताटकळत उभे, आणि ही आपल्याच पायांत गुंतलेली. मग केव्हातरी मान वर करायची आणि म्हणायची, "हाव. माणसं हाये घरात." आणि आत येऊन बसायची.

समोर माणसं उभी असताना घरात माणसं आहेत हे तिला पायांवरून का कळावं लागतं, हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. नवीन गावात घर मिळतंय म्हटल्यावर घरमालकाच्या लहरीकडे आपण काणाडोळा करतो, तसा मीही केला.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नगरकडचा. देऊळघाटच्या शाळेत विज्ञान शिकवायला माझी नेमणूक झाली आणि बायको, पाच महिन्यांची मुलगी आणि एक लोखंडी ट्रंक एवढा संसार घेऊन मी बुलढाण्याच्या बसमधून तिथं उतरलो. आजीच्या घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. आधीचा भाडेकरू जाऊन चार महिने झाले होते आणि तेव्हापासून त्यांना कुलूप होतं. मी किल्ली मागितली, तर आजी म्हणाली, "आज नाही भेटत. आज मी चालतो, मंग तुमी."

म्हातारी स्वतःबद्दल बोलताना कधी बाईसारखी बोलायची, कधी बाप्यासारखी. आम्ही ट्रंकेवर बसून राहिलो. तिनं एक जुनं पांढरं धोतर काढलं, त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दोन्ही पायांना घट्ट गुंडाळल्या. कोपऱ्यातलं मुसळ घेतलं. कुलूप काढून आत गेली आणि दार आतून ओढून घेतलं. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, आणि बंद खोलीतून मुसळाचा आवाज यायला लागला. धप्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा धप्.

मी खिडकीच्या फटीला डोळा लावला. अंधारात फक्त तिचे पांढरे पाय दिसत होते. ती तीन पावलं टाकायची, मुसळ जमिनीवर आपटायची आणि हलक्या आवाजात म्हणायची, "उठा वो बायांनो, उठा. माणूस आलं. उठा आता." लेकीबाळींना सकाळी उठवावं इतक्या मायेनं म्हणत होती. आत कुणीतरी उठेल की काय या भीतीनं मी फटीवरचा डोळा काढला.

ती बाहेर आली तेव्हा पांढऱ्या पट्ट्या गुडघ्यापर्यंत काळ्या झाल्या होत्या, आणि तो काळा रंग हलत होता. अंगणात रिठ्याच्या फेसाचं घमेलं तयार होतं. दोन्ही पाय तिनं त्यात ठेवले आणि फेसाकडे बघत उभी राहिली. "साध्या पान्यातून त्या उडून जाते," ती माझ्या बायकोला समजावून सांगत होती. "फेसात बुडते. याद ठेवजा, बाई." बायकोनं मुलीला छातीशी इतकं आवळलं होतं की ती रडायला लागली.

"एवढ्या पिसवा रिकाम्या घरात?" मी म्हणालो. "खातात काय?"

"काही नाही खात. निजून राह्यते. पाय वाजला का उठते." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "घर कधी रिकामं नसते, मास्तर."

पुढं पुस्तकात वाचलं, तिचं खरं होतं. पिसू कोशात महिनोन्महिने पडून राहते आणि पावलांचा धक्का आणि अंगाची ऊब लागली की एका क्षणात बाहेर येते. विज्ञानाच्या मास्तरला हे माहीत नव्हतं आणि म्हातारीला होतं. याचा मला राग आला होता, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशीही ती चालली, तिसऱ्या दिवशीही. "आज मेल्या त्या आजच्या. उद्याच्या अजून अंड्यात हाये," असं तिचं गणित. मग जमिनीच्या भेगांत उकळतं पाणी ओतलं, मीठ घालून सारवलं, आणि भर दुपारी दारं-खिडक्या लावून परातीत साबणाचं पाणी आणि त्यात मधोमध वाटीवर पणती लावून ठेवली. उजेडाकडे पिसवा उड्या घेतात आणि परातीत पडतात. आम्हाला तिनं दाराबाहेर बसवलं होतं. अंधाऱ्या खोलीतून, पणतीभोवतीच्या पाण्यावर टिपटिप पडणारं काहीतरी, एवढंच ऐकू येत होतं. बायको म्हणाली, "अहो, दुसरीकडे बघू या का घर?" मी म्हणालो, "याच्यापेक्षा स्वच्छ घर गावात मिळणार नाही." ते खरंच होतं.

आजीची एक मांजर होती. करडी, अंगानं भरलेली, चालताना कुणाकडे बघायची नाही. तिच्या या तोऱ्यावरून आजीनं तिचं नाव पाटलीण ठेवलं होतं. दर आठवड्याला पाटलीणबाईंची तपासणी व्हायची. ओसरीवर ओलं पांढरं फडकं पसरायचं, मांजरीला त्यावर घ्यायचं आणि उवांच्या बारीक फणीनं मानेपासून शेपटीपर्यंत विंचरायचं. सापडलेली पिसू फेसाच्या वाटीत. आंघोळ घालायची असली तर आधी गळ्याभोवती फेसाचं कडं करायचं, नाहीतर पाणी लागताच सगळ्या पिसवा डोक्याकडे पळतात आणि कानात दडतात. आंघोळीला मांजर ओरडायची, नखं काढायची. आजीचे हात ओरबाड्यांनी भरलेले असत. पण ती मांजरीवर कधी ओरडली नाही.

विंचरताना फडक्यावर मिरपुडीसारखे काळे कण पडायचे. आजी ते बोटानं ओल्या फडक्यावर चोळायची आणि ते लाल व्हायचे. "पिसूची घाण हाये," ती म्हणायची. "रगत हाये हे." एकदा माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बायको शेजारीच बसली होती. आजीनं तो लाल डाग बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हे मांजरीचं हाये का लेकराचं, कोन सांगन?" त्या दिवसापासून बायकोला मांजर घरात नकोशी झाली.

गावात आजीला बोलावणी यायची. कुणी मुलाकडे लांब जाऊन राहिलेलं परत येणार असलं, कुणाचं घर बंद पडलेलं असलं, की आधी आजीला पाठवायचे. ती पट्ट्या गुंडाळून चालायची, लोक बाहेर उभे राहायचे. चहा द्यायचे, तो मात्र अंगणातच. तिला घरात बसवून कुणी कपबशी दिलेली मी बघितली नाही. शाळेतल्या शिपायाला मी विचारलं, तर तो इकडंतिकडं बघून म्हणाला, "मास्तर, बुढी चांगली हाये. पन उंबऱ्यावरून वापस गेली का काही खरं नाही राह्यत."

त्यानं एका किराणा दुकानदाराची गोष्ट सांगितली. दुकानदाराचा बाप पडून होता, पण तसा बरा होता, दोन वेळा जेवत होता. आजी काही कामासाठी त्यांच्याकडे गेली. नेहमीप्रमाणं उंबऱ्याच्या आत थांबली, पायांकडे बघितलं. बघता बघता तिचे पाय पिसवांनी भरले. दुकानदार म्हणाला, "या ना आत." तिनं विचारलं, "तुमचा बाप कुठी निजते?" तो म्हणाला, "आतल्या खोलीत." आजी म्हणाली, "मंग ह्या दारात काऊन आल्या?" आणि ती आत न जाता परत फिरली. तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला.

"योगायोग," मी म्हणालो.

"असंन," शिपाई म्हणाला. "पन तुमी तिच्याच घरात राह्यता म्हणून सांगतलं. लेकरू हाये तुमचं लहान. गावातलं कोनी तिच्या हाती लेकरू देत नाही."

हे शेवटचं वाक्य मी घरी सांगितलंच नाही, कारण तोवर उशीर झाला होता. आमच्या मुलीला रोज सकाळी आजीच न्हाऊ घालत होती. माझी बायको गावात नवी, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि घरात कुणी मोठं माणूस नसल्यामुळं तिनं पहिल्याच आठवड्यात सहज म्हटलं होतं, "आजी, हिला तेल लावून द्याल का? मला भीती वाटते." बायको सांगते, म्हातारीनं आधी हात लुगड्याला पुसले आणि मग पुढं केले. मुलीला पायांवर आडवं घेतल्यावर बराच वेळ तिनं तेलाच्या वाटीला हातच लावला नाही, नुसती बघत बसली. मग रोजचंच झालं. टाळूवर तेल, पाठीला चोळणं, ऊन पाणी, धुरी. मुलगी तिच्या पायांवर असली की आजी बोलायची नाही, उंबरे आठवायची नाही, कुठल्या घरात काय निजलंय हे सांगायची नाही. तेवढा वेळ ती गावातल्या इतर म्हाताऱ्यांसारखी म्हातारी असायची. पोर तिचं नाक ओढायची आणि ती ओढू द्यायची.

मुलगी रांगायला लागली आणि तिच्या पायांवर लाल फोड यायला लागले. एका ओळीत तीन, घोट्याच्या वर. आजीनं बघितलं आणि पुन्हा सगळा कारखाना सुरू केला. गोधड्या उकळत्या पाण्यात, मग दिवसभर उन्हात. अंथरुणाखाली कडुनिंबाचा पाला. मांजरीला रोज फणी. पट्ट्या, मुसळ, परात. फोड कमी झाले, पण थांबले नाहीत. बायको म्हणाली, "मांजर बाहेर काढा. एवढी एक गोष्ट करा." मी आजीला तसं सुचवलं, तर तिचा चेहरा उतरला.

"मांजर गेली तं उंदीर येते, मास्तर. पिसू मांजरीची असो, उंदराची नोको. अजून पंधरा दिस द्या मले. साऱ्या संपवतो."

पंधरा दिवस थांबायला काही हरकत नव्हती. पण मी विज्ञानाचा मास्तर. म्हातारी मुसळ आपटत बायांनो उठा म्हणते आणि आपण तिच्या तोंडाकडे बघत बसतो, याची मला लाज वाटायला लागली होती. त्या काळी मलेरियावाले वर्षातून दोनदा यायचे, घराघरांतून डीडीटी फवारायचे आणि दारावर खूण करून जायचे. आजी त्यांना अडवायची नाही, पण ते यायच्या आदल्या दिवशीच पाटलिणीला टोपलीत घालून वावरातल्या झोपडीत न्यायची आणि आठ दिवस आणायची नाही. "मांजर जिभेनं न्हाते," तिनं मला बजावून सांगितलं होतं. "तिच्या अंगावर टाकलं ते तिच्या पोटात जाते. त्या पावडरीचं बोट बी लागू देजा नोका." मी हो म्हटलं होतं.

फवारणीवाल्यांपैकी एकाशी माझी ओळख झाली होती. त्याच्याकडून मी बिस्किटाच्या डब्यात ती पांढरी पूड घेतली. एका रविवारी आजी वावरात गेलेली, बायको नदीवर धुणं घेऊन गेलेली. मी पाटलिणीला धरलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत पूड चोळली. वरवरची फडक्यानं झटकून टाकली, म्हणजे कुणाला दिसायला नको. उरलेल्यातली बरीचशी माळ्यावर, उंदरांच्या वाटेवर पसरली आणि डबा ट्रंकेत दडवला. काम पाच मिनिटांत झालं. म्हातारीला महिना लागला ते मी पाच मिनिटांत केलं, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

मंगळवारी सकाळी माळ्यावरून एक उंदीर खाली पडला. अंगणात भर उजेडात, माणसांसमोर, तो झिंगल्यासारखा गोल फिरला आणि आडवा झाला. आजी मुलीच्या आंघोळीचं पाणी काढत होती. तिच्या हातातला तांब्या खाली पडला. तेवढ्यात दुसरा उंदीर आला, कडेच्या भिंतीला धडकला आणि तिथंच पाय ताणून मेला.

तिला घाबरलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. ती बायकोला म्हणाली, "लेकरू उचल. काहीच घेऊ नोको. नेसल्या लुगड्यानं वावरात जा. झोपडी हाये, पानी हाये. जा." बायको माझ्याकडे बघायला लागली. आजी ओरडली, "उंदीर पडले वो! जा ना आता!"

मी म्हणालो, "आजी, आता प्लेग कुठं राहिलाय? तो काळ गेला."

"तुमाले काय मालूम?"

मला मालूम होतं. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्याच वेळी पाटलीण चुलीमागून बाहेर आली. तिचे पाय थरथरत होते, मान झटके देत होती, आणि जरासा आवाज झाला तरी सगळं अंग आकसत होतं. बायकोनं मला हळूच विचारलं, "तुम्ही तिला काही घातलंत का?" मी म्हणालो, "नाही." नाही म्हटल्यावर पुढचं सगळं त्या नाहीवरच उभं करावं लागलं. बायको मुलीला घेऊन निघाली. मी दारात थांबलो.

आजीनं पाटलिणीला उचललं. पायांना पट्ट्या गुंडाळल्या नाहीत. फेसाचं घमेलं घेतलं नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन, उघडे पाय पसरून ती आमच्या आतल्या खोलीत जमिनीवर बसली आणि मांजर मांडीवर घेतली. "दार ओढा," ती म्हणाली. "बाहेरून कडी लावा. दहा दिस उघडू नोका."

"हे काय करताय?"

"ही मरते आता. अंग गार झालं का हिच्या अंगावरच्या साऱ्या उतरते आन् गरम अंग धुंडते. लेकराच्या घरात नाही सोडत मी त्याईले. माह्यावर घेतो."

मी दार ओढलं. कडी लावली नाही, उंबऱ्याबाहेर बसून राहिलो. आतून ती बोलत होती, माझ्याशी की मांजरीशी ते कळत नव्हतं.

"मी सहा-सात वर्साची असन. गावात उंदीर पडले. लोक वावरात झोपड्या घालून राहाले गेले. बाप आधीच गेलता. मायच्या काखेत गाठ आली, तं तिले कोनी झोपडीत येऊ देल्लं नाही. आमी दोघी याच घरात राह्यलो. रातभर माय तापेल होती, मी तिच्या पोटाशी. उजाडलं तं माह्या पायाले गुदगुल्या झाल्या. पाह्यलं, तं मायच्या वाकळीतून त्या येऊन राह्यल्या होत्या. माह्या पायावर, पोटावर, गळ्याले. साऱ्या. मी मायले हाक मारली, माय, तुह्या पिसवा माह्याकडं काऊन येऊन राह्यल्या? मंग मले समजलं."

मी दाराला कान लावला.

"चौथ्या दिसी लोक आले. मी जितीच. ताप नाही, गाठ नाही. लोक म्हणे, पोरीनं मायच्या पिसवा घेतल्या आन् पचवल्या. मंग लग्न झालं, नवरा गेला. पुन्हा मी जितीच. तवापासून कोनी लेकरू देल्लं नाही हाती. तुमच्या बाईनं देल्लं."

मी उठून उभा राहिलो. आता सांगायचंच असं ठरवून दार ढकललं. ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. पाटलीण तिच्या मांडीवर ताठ झाली होती. आजीनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती आपल्या पायांवर वाकली होती आणि मांजरीच्या केसांतून काळे ठिपके बाहेर येत होते, तिच्या पोटऱ्यांवर उड्या घेत होते. माझ्या पावडरीनं त्यांचं काही बिघडलं नव्हतं. सहा सहा महिन्यांनी फवारा खाऊन त्या निर्ढावल्या होत्या. मेली होती ती मांजर.

"या वो बायांनो," ती त्यांना म्हणत होती. "इकडं या. तिकडं जाऊ नोका, तिकडं लेकरू हाये. या माह्याकडं."

मी दार पुन्हा ओढून घेतलं. इतका भ्यालो होतो की आपल्याला काय सांगायचं होतं ते त्या क्षणी मला आठवलंच नाही.

गावात बातमी पसरली. चार माणसं मला शाळेत भेटायला आली. बुलढाण्याहून डॉक्टर आणावा का, झोपड्या घालाव्या का, विचारायला लागली. मी त्यांना शांतपणे सांगितलं की हा प्लेग नाही, उंदरांनी काहीतरी विषारी खाल्लं असावं, काळजी करू नका. मी विज्ञान शिकवत होतो म्हणून त्यांनी विश्वास ठेवला आणि ते घरी गेले. सगळ्या गावाला मी घाबरू नका म्हणून सांगितलं. ज्या बाईला सांगायचं तिला तेवढं सांगितलं नाही.

रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी वावरातून यायचो, उंबऱ्यावर भाकरी आणि पाण्याचा तांब्या ठेवायचो. आतून तिचा आवाज यायचा. "लेकराचं अंग तातलं का?" मी म्हणायचो, "नाही, आजी." मग ती आपली खबर द्यायची. "माह्या काखेत पाह्यलं. गाठ नाही आली अजून." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ती रोज स्वतःच्या काखा-जांघा चाचपून मरणाची वाट बघत होती, आणि ते येणार नाही हे माझ्याशिवाय जगात कुणालाच माहीत नव्हतं. झोपडीत बायको विचारायची, "आजीला काही झालं तर?" मी म्हणायचो, "काही होणार नाही." ती म्हणायची, "तुम्हाला एवढी खात्री कशी?" मी पाठ वळवून झोपल्याचं सोंग घ्यायचो. सहाव्या दिवशी मी दारापाशी तोंड नेऊन म्हणालो, "आजी, मला तुम्हाला एक सांगायचंय." ती म्हणाली, "मास्तर, दारापासून दूर व्हा. तुमी लेकराकडं जाता." तेवढं निमित्त मला पुरलं.

अकराव्या दिवशी सकाळी बायको आणि मुलीला घेऊन मी आलो, तेव्हा दार उघडं होतं. आजीनं घर सारवून घेतलं होतं. मांजर परड्यात खोल पुरली होती. ती ओसरीवर बसली होती, खंगलेली, पोटऱ्यांवर बोट ठेवायला जागा नाही इतके फोड. पण ताप नव्हता, गाठ नव्हती. आमच्याकडे बघून हसली नाही. फार विचारात पडलेली दिसत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी शिकेल माणूस. एक सांगा मले. मायचं घेतलं, या मांजरीचं घेतलं. दर बारीले साऱ्याईले नेते आन् मलेच काऊन ठेवते?"

उत्तर माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली, बिस्किटाच्या डब्यात होतं. बायको शेजारी उभी होती.

मी म्हणालो, "काय माहीत, आजी."

तिनं मान हलवली. त्याच वेळी मुलीनं तिला ओळखलं आणि बायकोच्या कडेवरून तिच्याकडे झेप घेतली. आजीचे हात वर आले. अर्ध्यावर आले आणि थांबले. मग तिनं ते पदराखाली घेतले आणि बायकोला म्हणाली, "नोको. आंघोळ आता तूच घालत जा, बाई. माह्यात काहीतरी हाये."

आम्ही त्या घरात आणखी दीड वर्ष राहिलो. मुलगी चालायला लागली, आजीच्या मागं मागं घरभर फिरायची, तिचं लुगडं ओढायची. आजी तिच्याशी बोलायची, गोष्टी सांगायची, दुरून पेरू द्यायची. त्या दीड वर्षात तिनं पोरीला हात लावला नाही, आणि मी तिला काही सांगितलं नाही.